मारांडीचा काढा

"औषध नाही, अर्क. अर्क म्हणजे औषध नव्हे," असं निशिगंधा म्हात्रेने त्या पत्रकार मुलीला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. रसिका नावाची ती मुलगी हुशार होती, मन लावून ऐकत होती, मान डोलवत होती. तरीही मंगळवारी सकाळी स्थानिक पुरवणीच्या पहिल्या पानावर मथळा आला: 'खाडीतली मारांडी हटवणार स्तनाचा कर्करोग! डोंबिवलीच्या प्राध्यापिकेचा शोध.' खाली निशिगंधाचा फोटो, हातात काटेरी पानांची फांदी. फांदी हातात धरायला फोटोग्राफरनेच लावलं होतं.

निशिगंधाने चहा तसाच ठेवला आणि रसिकाला फोन लावला.

"मॅडम, मथळा मी नाही देत, संपादकीय डेस्कवरून देतात," रसिका म्हणाली. "पण आतला मजकूर बघा ना, तुमचं वाक्य ठेवलंय मी शेवटी."

शेवटचं वाक्य खरंच होतं. 'अर्थात यावर अजून संशोधन आवश्यक आहे, असेही त्यांनी सांगितले.' एवढ्या मोठ्या मथळ्याखाली ते वाक्य शेपटासारखं लोंबत होतं.

"खुलासा छापा," निशिगंधा म्हणाली.

खुलासा छापला त्यांनी. पाणीकपातीच्या सूचनेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मुख्य बातमी मात्र तोवर निम्म्या जिल्ह्याच्या मोबाइलमध्ये फिरत होती. कॉलेजच्या प्राचार्यांनी तर गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्सच लावला. तो उतरवा म्हणून सांगायला ती त्यांच्या केबिनमध्ये गेली, तर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "मॅडम, चांगलं घडलंय काहीतरी कॉलेजमध्ये, त्याला तुम्हीच कशाला नाट लावताय?"

घडलं होतं ते एवढंच. खाडीच्या कडेला खारफुटीत मारांडीची झुडपं माजलेली असतात, करवतीसारखी पानं आणि जांभळी फुलं. त्या पानांचा अर्क निशिगंधाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिला होता आणि पेशींची वाढ मंदावली होती. पण त्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या. बशीला पोट नसतं, यकृत नसतं, रक्त नसतं. बशीतून उंदरात, उंदरातून माणसात, या वाटेवर शेकडो वनस्पती गळून पडतात. एखादीच पोचते. त्या एखादीसाठीच तर ती आठ-नऊ वर्षं त्या खोलीत डोळे फोडत होती. मारांडी पोचेल की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि 'ठाऊक नाही' या दोन शब्दांचा मथळा होत नाही.

फोन येऊ लागले. बदलापूरहून, अंबरनाथहून, पार शहापूरहून. ती प्रत्येकाला सांगे, तुमच्या डॉक्टरांचं ऐका, उपचार सोडू नका, पाला खाऊ नका. लोक ऐकून घेत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "ते झालंच हो. पण पाला उपाशीपोटी घ्यायचा की जेवल्यावर?"

एका दुपारी मयूरचा फोन आला. मयूर म्हणजे तिचा आतेभाऊ, दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीलगतच्या गावात राहणारा. त्यांची जमीन मोठ्या गृहसंकुलात गेली होती. आता तो बांधकामाला वाळू-खडी पुरवायचा आणि दुमजली बंगल्यात आईबरोबर राहायचा.

"ताय, एक गुड न्यूज आहे," तो म्हणाला. "आयला तुझं औषध लागू पडतंय."

"कसलं औषध?"

"मारांडी. गाठ आली होती ना तिच्या छातीत. तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाय. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. ते लोक बोलले केमो करा, मग ऑपरेशन. म्हटलं, घरात एवढी मोठी डॉक्टर बसलीये आणि बाहेर कशाला मरायला जायचं? बातमी आली तेव्हापासून काढा चालू आहे."

निशिगंधाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. बातमीला दोन महिने होऊन गेले होते.

गावात पोचेपर्यंत संध्याकाळ कलली. गल्लीत पाण्याचा टँकर आडवा लागला होता, म्हणून रिक्षा सोडून ती चालतच गेली. तुळसाआत्या स्वयंपाकघरात होती. गॅसवरच्या मोठ्या पातेल्यात हिरवट काळं पाणी रटरटत होतं, आणि चिखलासारखा खारट, कडवट वास घरभर पसरला होता.

"आयलीस पोरी? बस. तुज्या नावानंच उकलत ठेवलाय बग," आत्या हसून म्हणाली.

तुळसाआत्याने उभी हयात मिठागरात काढली होती. तिच्या पावलांना अजून त्या भेगा होत्या. निशिगंधाने बारावीनंतर शिकावं की नाही यावर तिच्या बापाने, राघोने, घरात तांडव केलं होतं, तेव्हा हीच आत्या भावासमोर उभी राहिली होती. 'पोरीला शिकू दे, नायतर मना बहीन बोलू नको,' असं ती म्हणाली होती. त्या बाईच्या छातीत आता गाठ होती, आणि ती गाठ घेऊन ती भाचीच्या नावाने पाला उकळत बसली होती.

निशिगंधाने गॅस बंद केला.

"आते, हे औषध नाहीये. मी तसं कुठेही म्हटलेलं नाही. पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं."

"पेपरवाला खोटा, मंग तुजा फोटो पन खोटा?"

"फोटो खरा आहे, पण..."

"पाला हातान धरलाय तो खोटा?"

"आते, मी बशीतल्या पेशींवर करते प्रयोग. माणसांवर नाही. तुला केमो घ्यावी लागेल. गाठ लवकर कळलीये, बरी होशील. पण असे दिवस घालवलेस तर..."

आत्याचं हसू मावळलं. ती पाटावर बसली. "माज्या जावंचं काय जालं ठाव हाय ना? केस जेले, नखा काली परली, तोंडान घास जाईना. येवरं करून मेलीच ना ती? मना तसा मराचा नाय. सगल्यांनी मिलून तुला शिकवली, मंग तुजा इलम घरच्या मानसाला नको?"

मयूर दारात उभा होता. "ताय, तू जास्तच लोड घेतेस," तो म्हणाला. "नॅचरल आहे, साइड इफेक्ट काय नाय त्याला."

"नॅचरल? कुठून आणतोस पाला?"

"मागून, खाडीवरनं."

"त्या खाडीत एमआयडीसीचं पाणी येतं मयूर! पाण्याचा रंग बघितलायस कधी? त्या चिखलात उगवलेलं झुडूप उकळून तू स्वतःच्या आईला पाजतोयस!"

"धुवून घेतो ना," मयूर म्हणाला.

एवढ्या मुलांना शिकवलं, एवढे शोधनिबंध लिहिले, आणि 'धुवून घेतो' याला आपल्याकडे उत्तर नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या समजलं.

शेवटी तिला वाटलं, सांगून उपयोग नाही, दाखवूया. पुढच्याच रविवारी तिने परवानगी काढून दोघांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं. आदल्या दिवशी तिने तीन बशा तयार करून ठेवल्या होत्या. पहिलीतल्या पेशींना काही लावलं नव्हतं. दुसरीत मारांडीचा दाट अर्क होता. तिसरीत नुसतं मिठाचं खारं पाणी, आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचं.

आत्याने जोडे बाहेर काढले, पदर खोचला आणि देवळात वाकावं तशी ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. पहिल्या बशीत पेशी एकमेकींना चिकटून, पसरून बसल्या होत्या.

"याच त्या?" तिने हळूच विचारलं. "माज्यान हाईत त्या?"

"तशाच. आता ही बघ." निशिगंधाने दुसरी बशी ठेवली. पेशी आकसून गोल झाल्या होत्या, सुटून तरंगत होत्या.

"मेल्या!" आत्या आनंदाने ओरडली.

"आता ही तिसरी बघ."

तिसरीतही तशाच, आकसलेल्या, तरंगणाऱ्या.

"ह्या पन मेल्या. हा कंचा पाला?"

"पाला नाही, आते. मीठ. नुसतं मीठ. बशीत काहीही टाकलं तरी पेशी मरतात. मीठ टाका, साबण टाका, फिनेल टाका. मरतात म्हणून ते औषध होत नाही. कळतंय का मी काय म्हणते?"

आत्या सरळ झाली, डोळे मिचकावत तिच्याकडे बघत राहिली आणि मग खो खो हसली. "मिठान मरतान? अगो, मी तं सगला जलम मिठान काढला. मंग मना कशी जाली गाठ?"

"तेच! तेच तर सांगतेय मी!" निशिगंधा जवळजवळ ओरडली. तिला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मयूर सूक्ष्मदर्शकापासून उठला. "पण ताय, मीठ सोड. पाल्याने पण मेल्या ना? तू स्वतः दाखवलंस."

"मयूर, अरे..."

"नाय, म्हणजे आपल्या डोळ्यांनी बघितलं ना आपण." त्याने मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लावून फोटोही काढला होता. ती घरी पोचायच्या आत तो त्याच्या स्टेटसवर झळकत होता. खाली लिहिलं होतं: 'माझ्या बहिणीच्या लॅबमध्ये कॅन्सर मरताना. लाइव्ह.'

त्या दिवशी निशिगंधाने मोबाइल पलंगावर इतक्या जोरात आपटला की तो उसळून खाली पडला आणि त्याची काच गेली.

त्यानंतर आत्याने तिचे फोन घेणं कमी केलं. घेतले तरी 'बरी हाय, बरी हाय' एवढंच. निशिगंधा दर आठवड्याला गावात जाई, भांडण करी, पातेलं मोरीत ओतून येई. तिच्या पाठीमागे दुसरं पातेलं चढत असणारच. आत्याला ओढून न्यावं म्हटलं तर ती काय लहान मूल होती? आणि राघो, ज्याला आता गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं, तो लेकीला म्हणाला, "शोध तूच लावलास आनि आता तूच नको बोलतेस. लोकांना वाटतंय, घरच्यांना द्यायला तुजा जीव होत नाय."

शेवटी काढ्यानेच आत्याला दवाखान्यात पोचवलं. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे झाले. मयूर तिला गाडीत घालून ठाण्याला घेऊन गेला. निशिगंधा कॉलेजमधून थेट तिथे पोचली, तर कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर हेमांगी रिपोर्ट चाळत होत्या. पन्नाशीच्या, आवाज शांत, पण कपाळावर आठी.

"यकृताची तपासणी फार वाईट आलीये," त्या म्हणाल्या. "काय देत होता यांना?"

"मारांडीचा काढा," मयूर म्हणाला. "आणि टिटवाळ्याच्या एका वैदूच्या पुड्या."

पुड्यांबद्दल निशिगंधा पहिल्यांदाच ऐकत होती.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मयूरने निशिगंधाकडे बोट केलं. द्वेषाने नाही. अभिमानानेच केलं असावं. "ही ताय. ही पण डॉक्टर आहे, पीएचडी."

डॉक्टर हेमांगींनी चष्मा काढला. "म्हणजे मारांडीवाल्या त्या तुम्हीच. तुमची बातमी घेऊन आलेल्या दोघी जणी परत आल्याच नाहीत माझ्याकडे. एकीची तर गाठ अगदी छोटी होती."

निशिगंधाला खुलाशाबद्दल सांगायचं होतं, डेस्कबद्दल, फ्लेक्सबद्दल. 'मी तसं म्हटलंच नव्हतं,' हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. पण त्या दोन अनोळखी बायका कुठे असतील, हा विचार आडवा आला.

"यकृत पाल्याने बिघडलं की पुड्यांनी?" तिने विचारलं.

"तुम्ही शास्त्रज्ञ ना? तुम्हीच सांगा."

सांगता येत नव्हतं. पाला असेल, खाडीतली घाण असेल, पुड्या असतील. कशानेही असेल. एवढी वर्षं याच विषयात घालवून, स्वतःच्या आत्याला काय बाधलं हेही तिला सांगता येत नव्हतं.

यकृत ताळ्यावर येईपर्यंत केमो सुरू करता येईना. त्या अवधीत गाठ वाढली आणि काखेतही गेली. 'आधी आला असतात तर स्तन वाचवता आला असता, आता काढावा लागेल,' असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मयूर बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून रडला. निशिगंधाला त्याची दया आली आणि त्याला दोन थोबाडीत माराव्यात असंही वाटलं. तिने नुसती पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

पिवळ्या डोळ्यांना घाबरलेल्या आत्याने या वेळी नाही म्हटलं नाही, आणि केमो सुरू झाली. तिच्यात एकामागून एक अशी दोन औषधं होती; पहिलं, लाल रंगाचं, आत्याला जड गेलं. केस गेले, तोंड आलं, साधं पाणी झोंबू लागलं. निशिगंधा प्रत्येक वेळी सुट्टी टाकून शेजारी बसे. लालचे सगळे डोस संपले त्या दिवशी आत्याने उशीवरची मान फिरवली आणि म्हणाली, "बस जाला. आता मना घरी ने. पुरचा औषध मी घेनार नाय."

"आते, अर्धी वाट झालीये."

"अर्धी वाट मेलेली हाय मी. नको मना तुमचा केमिकल."

निशिगंधाने समजावलं, हात जोडले, रागावली. आत्या भिंतीकडे बघत राहिली. मयूर तर आधीच डगमगला होता. तो म्हणाला, "ताय, तिच्या मनाविरुद्ध कसं करायचं?"

आणि मग निशिगंधाच्या तोंडून ते निघून गेलं.

"आते, पुढचं औषध केमिकल नाहीये. म्हणजे तसं... ते झाडातलंच आहे. थंड डोंगरातल्या एका झाडाच्या सालीत सापडलं ते."

आत्याने मान वळवली. "झाडाचा?"

"हो. पण सालीचा काढा करून नाही घेत कोणी. सालीतला एकच पदार्थ वेगळा काढला, मोजला, उंदरांना दिला, मग माणसांना दिला. सालीपासून सलाईनच्या बाटलीपर्यंत यायला तीसेक वर्षं लागली. मारांडीचं तसं काहीच झालेलं नाही अजून. फरक तेवढाच आहे, पण तोच तर सगळा फरक आहे."

तिने जीव तोडून सांगितलं. तिच्या आयुष्यभराच्या कामाचं सार होतं ते, आणि पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याकडे इतकं टक लावून ऐकत होतं.

"झाडाचा हाय," आत्या स्वतःशीच म्हणाली. "मंग घेते."

तिने ते घेतलं. आठवड्यामागून आठवडा, कुरकुर न करता. बोटं बधिर झाली, तरी 'झाडाचा गुन हाय, हलू हलू लागतो' म्हणायची. गाठ आक्रसली. मग शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन. डॉक्टर हेमांगींनी शेवटी रिपोर्ट बघितला आणि पहिल्यांदाच निशिगंधाशी हसून बोलल्या. पाच वर्षं लक्ष ठेवावं लागेल, पण आज तरी काही दिसत नाही, असं म्हणाल्या. त्या संध्याकाळी निशिगंधा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली तरी एकदाही चिडली नाही.

गौरी आल्या त्या दिवशी ती गावात गेली. आत्याच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस उगवले होते, अंगावर नवं लुगडं होतं. बंगल्याच्या ओटीवर बायकांचा घोळका जमला होता आणि आत्या मधोमध बसून सांगत होती.

"...डाक्टरीन बोलली, आता काय खरा नाय. मंग माज्या भाचीनं झाडाचा औषध काढला. सलाईनीतनं दिला. केमोनं मी मराया टेकली व्हती, झाडानं वाचवली."

"आते!" निशिगंधा दारातूनच ओरडली. "तीच केमो होती! झाडाचं म्हणजे केमोच! आणि ते मी नाही काढलेलं!"

"बगा, कशी लाजते," आत्या बायकांना म्हणाली. "येवरी मोठी जाली, पन गर्व नाय."

बायका कौतुकाने हसल्या. खोटं तर आत्या काही बोलत नव्हती. एकेक तुकडा खराच होता, फक्त जोडला होता उलटा. आणि ते तुकडे तिच्या हातात दिले कोणी होते?

ती तणतणत आत स्वयंपाकघरात गेली. मागोमाग एक बाई आली. शेजारच्या आळीतल्या विमलाबाई, चाळिशीच्या. त्यांनी दार लोटून घेतलं, पदर घट्ट ओढला.

"मॅडम, मना पन हाय," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "डाव्या बाजूला. घरान कोनाला बोलली नाय मी. किती पानां घालू, तेवरं सांगा."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

निशिगंधाच्या डोक्यात तिडीक गेली. बशी, मीठ, उंदीर, यकृत, खाडीतलं पाणी, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. सांगितलं तर ही बाई मान डोलवेल, घरी जाईल आणि पातेलं चढवेल. समोर विमलाबाईंचे हात पदराचं टोक नुसतं पिळत होते.

"पानं नाही घालायची," ती म्हणाली. "एकही नाही. आधी गाठ तपासायची. तपासल्याशिवाय कुठलंच औषध देत नाहीत. आत्यालाही नव्हतं दिलं."

"झाडाचा पन नाय?"

"झाडाचंही नाही."

विमलाबाईंनी पदराचं टोक सोडलं. "तुमी याल संगाती?"

"येईन. उद्याच जाऊ. सकाळी तयार राहा."

विमलाबाई गेल्या. बाहेर ओटीवर आत्याची गोष्ट परत पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि यावेळी त्यात झाड थोडं मोठं झालं होतं. निशिगंधाने मागचं दार उघडलं, अंगणात जाऊन उभी राहिली आणि डॉक्टर हेमांगींना फोन लावला.

"डॉक्टर, उद्या एकीला आणतेय. गाठ आहे, पाच-सहा महिन्यांची."

"काही घेतलंय का त्यांनी?"

"नाही. अजून नाही."

"मग लवकर आणा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ते झाडाबिडाचं, तुम्ही काय सांगायचं ते सांगा त्यांना. फक्त घेऊन या."

निशिगंधाने फोन ठेवला. रागाने तिचे कान अजून गरम होते. तशीच ती ओटीवर गेली, बायकांच्या घोळक्यात जागा करून बसली आणि आत्याचं बोलणं मधेच तोडत म्हणाली, "थांब आते, आता मी सांगते. काय झालं होतं ते नीट सांगते."

"सांग की," आत्या सरकून बसली. "पन झाडापासून सुरू कर."